दुसरी रेघ उमटली नाही, तर?

समजा तुम्ही गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाड्याचे रहिवासी आहात. पौष महिना चालू आहे. धानाची मळणी उरकली आहे आणि मोकळ्या झालेल्या बांध्यांत गावातल्या कोंबड्या सांडलेले दाणे टिपीत हिंडत आहेत. जवळच्या बोडीत थंडीपुरती दुरून आलेली रानबदके उतरली आहेत. शेजारच्या आजींकडे चौदा गावठी कोंबड्या होत्या. परवा रात्री त्यांतल्या दोन मेल्या, काल तीन, आणि आज सकाळी खुराड्याचे दार उघडले तो आणखी एक पाय ताणून पडलेली. उरलेल्यांपैकी दोघींचे तुरे जांभळट झाले आहेत, एकीचे डोके सुजले आहे.

पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर येतात. हातमोजे व मुखपट्टी चढवून ते एका मेलेल्या कोंबडीच्या घशात कापूस लावलेली काडी फिरवतात, ती काडी लहानशा नळीतल्या द्रवात घुसळतात आणि त्या द्रवाचे तीनचार थेंब प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत बसवलेल्या पट्टीवर टाकतात. पंधरा मिनिटे जातात. पट्टीवर एक रेघ उमटते. दुसरी उमटत नाही.

“म्हणजे बर्ड फ्लू नाही ना, डॉक्टरसाहेब?” आजी विचारतात.

डॉक्टर लगेच उत्तर देत नाहीत. ते का देत नाहीत, हे आपल्याला पाहायचे आहे. प्रसंग काल्पनिक आहे, पण त्यातला प्रश्न काल्पनिक नाही. मी पदार्थविज्ञान शिकवतो. कोंबड्यांच्या रोगांविषयी अधिकारवाणीने बोलणे हे माझे काम नव्हे. परंतु एखादे उपकरण ‘नाही’ म्हणाले म्हणजे नेमके काय कळले, हा प्रश्न मात्र आमच्या प्रयोगशाळेतलाच आहे.

भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची पहिली साथ निश्चित झाली ती आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. तारीख होती १८ फेब्रुवारी २००६. तेथील कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा ही राणीखेत रोगाची मरतुक असावी असा सुरुवातीचा समज होता. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ या विषाणूचे निदान केल्यावर परिसरातील लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात हा रोग खेड्यांतल्या घरगुती कोंबड्यांतही सापडला. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे, आणि जानेवारी २०२५ मध्ये रायगडमधील चिरनेर व चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे तो पुन्हा डोकावला. विदर्भाला त्याने एक वेगळाच धक्का दिला आहे: डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या मेले आणि भोपाळच्या अहवालात कारण निघाले तेच, एच५एन१.

माणसाला हा रोग सहसा होत नाही, पण झाला तर जीवघेणा ठरतो. २००३ पासून जगात एच५एन१ची लागण झालेले नऊशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास दगावले. भारतात २०२१ च्या जुलैत दिल्लीला एका मुलाचा मृत्यू झाला.

आता आजींच्या अंगणाकडे परत येऊ. ही कोंबडी बर्ड फ्लूने मेली असेल, तशीच राणीखेतनेही मेली असेल. खेड्यात राणीखेतला ‘मानमोडी’ म्हणतात. तीही कोंबड्यांचे खुराडे चार दिवसांत रिकामे करते, आणि नुसत्या डोळ्यांनी या दोन रोगांत फरक करणे अनुभवी डॉक्टरांनाही नेहमी जमत नाही. पण पुढचे परिणाम अगदी निराळे आहेत. मानमोडीला लस आहे आणि तिच्यासाठी सरकार गावच्या कोंबड्या मारत नाही. बर्ड फ्लू निश्चित झाला तर आपल्या देशातील सध्याच्या नियमांप्रमाणे साथीच्या ठिकाणापासून १ किलोमीटरपर्यंतच्या सर्व कोंबड्या नष्ट करतात आणि १० किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवतात. म्हणजे पट्टीने चुकून ‘नाही’ म्हटले, तर आजारी कोंबड्या टोपलीत बसून आठवडी बाजारात जातील आणि रोग दहा गावांत पसरेल. पट्टीने चुकून ‘होय’ म्हटले आणि तेवढ्यावरच कोणी निर्णय घेतला, तर अर्ध्या गावातल्या बायकांचे अंडी विकून मीठमिरचीला येणारे पैसे एका दुपारी बुडतील. दोन्ही चुका चुकाच. पण त्या सारख्या नाहीत, आणि त्या एकाच प्रकारे मोजताही येत नाहीत.

पट्टीच्या आत काय आहे?

ही पट्टी मूळची एक साधी युक्ती आहे. टीपकागदाचे टोक शाईत बुडवले की शाई वर चढते, तसाच हा द्रव पट्टीच्या बारीक छिद्रांतून केशाकर्षणाने पुढे सरकतो. हा प्रवास सुरुवातीला वेगाने होतो आणि मग मंदावतो. किती? अंतराचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. पहिला सेंटिमीटर चढायला एक मिनिट लागले, तर दोन सेंटिमीटरला चार मिनिटे आणि तीन सेंटिमीटरला नऊ. गाळणकागदाची पट्टी रंगीत पाण्यात उभी धरून, शेजारी मोजपट्टी ठेवून तुम्ही हा प्रयोग वर्गात सहज करू शकाल. (पट्टी झाकून ठेवा, नाहीतर बाष्पीभवन तुमचे गणित बिघडवील.) ‘१५ मिनिटांनी वाचा’ या सूचनेमागे हेही एक कारण आहे. फार लवकर पाहिले तर रेघ पुरती उमटलेली नसते, आणि तासाभराने पाहिले तर पट्टी वाळून नसलेली रेघ दिसू लागते.

वाटेत द्रवाला सोन्याचे कण भेटतात. हो, सोन्याचेच! त्यांचा व्यास साधारण ४० नॅनोमीटर असतो. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे दोनएक हजार कण ओळीने बसतील. एवढे बारीक झाले की सोने पिवळे राहत नाही. त्यातले मुक्त इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाबरोबर झोके घेऊ लागतात, तो प्रकाश शोषतात, आणि उरलेला प्रकाश आपल्याला माणकासारखा लाल दिसतो. अशी लाल कलिले मायकेल फॅरेडे यांनी १८५० च्या दशकातच तयार करून अभ्यासली होती. त्यांचा उपयोग पुढे कोंबडीचा रोग ओळखण्याकडे होईल हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

या प्रत्येक सुवर्णकणावर प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. प्रतिपिंड म्हणजे एका ठरावीक प्रथिनालाच पकडणारा रेणू. इन्फ्लुएन्झाच्या ‘ए’ गटातील सर्व विषाणूंच्या पोटात एक सारखेच प्रथिन असते, त्याला न्यूक्लिओप्रोटीन म्हणतात. नळीतल्या द्रवाने विषाणू फुटतो, प्रथिन बाहेर पडते, सुवर्णकणावरच्या प्रतिपिंडात अडकते आणि त्याच्यासह पुढे वाहत जाते. पट्टीवर एका आडव्या रेषेत त्याच प्रथिनाला पकडणारी दुसरी प्रतिपिंडे पक्की बसवलेली असतात. तेथे प्रथिन दोन्ही बाजूंनी धरले जाते, सुवर्णकण साचत जातात आणि लाल रेघ दिसते. ही झाली चाचणीची रेघ. तिच्या पुढे असते ती नियंत्रणाची रेघ. ती सुवर्णकणांवरच्या प्रतिपिंडांनाच पकडते, म्हणून विषाणू असो वा नसो, ती उमटायलाच हवी.

ही पहिली रेघ काय सांगते? द्रव शेवटपर्यंत पोचला आणि सुवर्णकण शाबूत आहेत, एवढेच. काडी घशात नीट फिरली होती की नाही, हे ती सांगत नाही. साध्या पाण्याचे थेंब टाकले तरी ती बहुधा उमटेलच.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. ही पट्टी ‘ए’ गट ओळखते, एच५ ओळखत नाही. आपल्या देशातील कोंबड्यांत एच९एन२ नावाचा सौम्य चुलतभाऊही हिंडत असतो. तो सापडला तरी रेघ तितकीच लाल येते. केवळ एच५ ओळखणाऱ्या पट्ट्याही निघाल्या आहेत; पण आजींच्या अंगणातली पट्टी आपण सर्वसाधारण प्रकारची धरू.

वखारीचा काटा आणि सोनाराचा काटा

लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर तुम्ही सोन्याची अंगठी ठेवली तर काटा हलणार नाही. अंगठीला वजन नाही, असा त्याचा अर्थ कोणी करणार नाही. त्या काट्याला एवढे लहान वजन कळत नाही, एवढाच अर्थ. प्रत्येक मापनसाधनाला असा एक उंबरठा असतो. पट्टीवर डोळ्यांना दिसेल अशी रेघ येण्यासाठी अगणित सुवर्णकण एका जागी जमावे लागतात, म्हणजेच नमुन्यात विषाणू भरपूर असावा लागतो.

प्रयोगशाळेतली पीसीआर ही सोनाराच्या काट्यासारखी आहे. २०२० च्या कोरोना साथीत हे नाव घरोघर पोचले. तिच्यात विषाणूच्या आरएनएवरून डीएनए बनवतात आणि त्या डीएनएची प्रत्येक फेरीत दुप्पट याप्रमाणे वाढ करतात. ३० फेऱ्यांनंतर एकाचे किती होतील? २ चा ३० वा घात म्हणजे १०७ कोटींहून अधिक. म्हणून पट्टीला दिसणाऱ्या मात्रेच्या शंभराव्या, कधी हजाराव्या हिश्श्याएवढा विषाणूही पीसीआरला सापडतो. त्याहून जुनी व आजही प्रमाण मानली जाणारी रीत म्हणजे नऊ ते अकरा दिवसांच्या गर्भयुक्त अंड्यात नमुना टोचून विषाणू वाढतो का ते पाहणे. तिला दिवस लागतात आणि कडेकोट बंदोबस्ताची प्रयोगशाळा लागते. भोपाळची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था ही अशी आपल्या देशातली मुख्य प्रयोगशाळा. बर्ड फ्लूची अधिकृत घोषणा होते ती पट्टीवरून नव्हे, प्रयोगशाळेच्या निदानावरून.

मग पट्टी हवीच कशाला? दवनीवाडा ते भोपाळ या प्रवासात वेळ जातो म्हणून. नमुना बर्फात ठेवून पाठवायचा, तेथे तपासणी व्हायची, अहवाल परत यायचा. आणि कोंबड्या तोवर थांबत नाहीत.

पट्टीची परीक्षा कशी घ्यायची?

डब्यावर कारखानदाराने काहीही छापले असले तरी पट्टीची परीक्षा आपण घेतली पाहिजे, आणि ती ज्या कोंबड्यांवर वापरायची त्याच प्रकारच्या कोंबड्यांवर घेतली पाहिजे. गावोगावच्या आजारी, मेलेल्या आणि धडधाकट कोंबड्यांचे नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना पट्टीवरही तपासायचा व प्रयोगशाळेतही. समजा, अशा ३०० कोंबड्या झाल्या. प्रयोगशाळेने १०० रोगी ठरवल्या, २०० निरोगी. पट्टीने त्या १०० पैकी ७० पकडल्या आणि त्या २०० पैकी १९८ ना बरोबर ‘नाही’ म्हटले. तर पट्टीची संवेदनक्षमता ७० टक्के आणि विशिष्टता ९९ टक्के. (हे आकडे समजण्याच्या सोयीसाठी मी घेतले आहेत, कोणत्याही विशिष्ट कंपनीच्या पट्टीचे नव्हेत.)

येथपर्यंत त्रैराशिक आहे. खरी कसोटी नमुने निवडण्यात आहे.

प्रयोगशाळेत कोंबडीला मुद्दाम भरपूर विषाणू टोचून, ती आजारी पडण्याच्या ऐन भरात नमुना घेतला तर पट्टी पैकीच्या पैकी गुण मिळवील. खेड्यात कोंबडी काल रात्री मेलेली असते, उन्हात पडलेली असते, काडीला घशातला चिकट पदार्थ कमी आणि माती जास्त लागलेली असते. बदकांत तर हा विषाणू पुष्कळदा फारशी लक्षणे न दाखवता, थोड्या प्रमाणात राहतो. कोंबड्यांवर उत्तीर्ण झालेली पट्टी बदकांवर नापास होऊ शकते. म्हणून ‘या पट्टीची संवेदनक्षमता किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या पक्ष्यावर, आजाराच्या कोणत्या दिवशी, कुठून घेतलेल्या नमुन्यावर, असे विचारावे लागते.

दुसरी गोष्ट वाचणाऱ्याची. फिकट रेघ म्हणजे मोठी फसवी वस्तू आहे. समोर मेलेली कोंबडी दिसत असेल तर नसलेली रेघही दिसते, आणि उड्या मारणारी कोंबडी दिसत असेल तर असलेली दिसत नाही. व्हर्निअर वाचताना शेजाऱ्याचे उत्तर आधी पाहिलेला विद्यार्थी नेमके तेच वाचन घेतो, हे मी गेली कित्येक वर्षे पाहतो आहे. तेव्हा पट्टी वाचणाऱ्याला ती कोणत्या कोंबडीची हे माहीत नसावे आणि दोघांनी स्वतंत्रपणे वाचावी.

तिसरी गोष्ट संख्येची. १० रोगी कोंबड्यांपैकी ७ पकडल्या काय आणि १०० पैकी ७० पकडल्या काय, टक्केवारी तीच. पण विश्वास तोच नाही. १० वरून काढलेल्या ७० टक्क्यांचा खरा आकडा ३५ पासून ९३ पर्यंत कुठेही असण्याची शक्यता राहते. १०० वरून काढला तर तो साधारण ६० ते ७९ च्या दरम्यान येतो. तसेच ३० निरोगी कोंबड्यांत पट्टी एकदाही चुकली नाही, म्हणून तिला शंभर टक्के विशिष्ट म्हणू नका. अशा वेळी ३ ला कोंबड्यांच्या संख्येने भागण्याचा एक सोपा नियम आहे: ३ भागिले ३०, म्हणजे चुकीचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंतही असू शकेल. ते १ टक्क्याच्या आत आहे असे म्हणायला एकही चूक न होता ३०० कोंबड्या तपासायला हव्यात.

आणि ज्या प्रयोगशाळेला आपण परीक्षक नेमले, ती तरी कधी चुकत नाही का? नमुन्याचा बर्फ वाटेत वितळला, विषाणूचा आरएनए नासला, तर पीसीआर ‘नाही’ म्हणेल आणि पट्टीचे खरे ‘होय’ आपण खोट्याच्या खात्यात मांडू. परीक्षकाची चूक परीक्षार्थ्याच्या माथी!

एकच पट्टी, दोन ठिकाणे

आता गंमत पाहा. ७० टक्के संवेदनक्षमता व ९९ टक्के विशिष्टता असलेली हीच पट्टी आपण दोन ठिकाणी वापरू.

पहिले ठिकाण आठवडी बाजार. १०,००० धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या आल्या आहेत असे धरा. त्यांतल्या १० ना लागण झालेली आहे. पट्टी त्यांतल्या ७ पकडील. (तेही उदार होऊन म्हणतो, अजून आजारी न दिसणाऱ्या कोंबडीत विषाणू कमी असेल तर इतक्याही नाही.) उरलेल्या ९,९९० निरोगी कोंबड्यांपैकी १ टक्क्याला, म्हणजे सुमारे १०० कोंबड्यांना ती चुकून ‘होय’ म्हणेल. एकूण १०७ ‘होय’, त्यांत खरे ७. म्हणजे पंधरांत एक! ९९ टक्के विशिष्ट असलेली पट्टी येथे चौदा वेळा खोटे बोलून एकदा खरे बोलते.

दुसरे ठिकाण आजींच्यासारखी अंगणे, जेथे कोंबड्या भराभर मरत आहेत. अशी १०० अंगणे घ्या. समजा, ६० अंगणांत बर्ड फ्लू आहे आणि ४० मध्ये मानमोडी. प्रत्येक अंगणातली एक मेलेली कोंबडी तपासली. ६० पैकी ४२ ठिकाणी पट्टी ‘होय’ म्हणेल. मानमोडीच्या ४० पैकी चुकीचे ‘होय’ सरासरीने अर्धेही येणार नाही. तेव्हा येथले ‘होय’ जवळजवळ खात्रीचे. पण ‘नाही’ चे काय? १८ अंगणांत रोग असूनही ‘नाही’ आले, आणि मानमोडीच्या ४० अंगणांतही ‘नाही’ आले. एकूण ५८ ‘नाही’, त्यांतले १८ खोटे. जवळजवळ तीनांत एक!

पट्टी बदलली नाही, तिचे गुण बदलले नाहीत; बदलले ते तिला विचारण्याचे ठिकाण. बाजारात तिच्या ‘होय’वर भरवसा नाही, मरतुकीच्या अंगणात तिच्या ‘नाही’वर भरवसा नाही. दवनीवाड्याचे डॉक्टर गप्प का राहिले ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

मग त्यांनी काय करावे? अंगणात मेलेली कोंबडी एकच नाही. तिघींचे नमुने घेतले आणि तिघींपैकी एकीतही ‘होय’ आले तर अंगण संशयित धरायचे असे ठरवले, तर काय होईल? एका कोंबडीत रोग हुकण्याची शक्यता ०.३. तिन्हींत हुकण्याची शक्यता ०.३ × ०.३ × ०.३ = ०.०२७, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी. बर्ड फ्लूच्या ६० अंगणांपैकी आता दोनसुद्धा निसटणार नाहीत. मानमोडीच्या अंगणात तिघींपैकी एखादीत चुकून ‘होय’ येण्याची शक्यता ०.०१ वरून सुमारे ०.०३ होईल, म्हणजे ४० अंगणांत एखादे. मघाशी ‘नाही’ म्हटलेल्या ५८ अंगणांत १८ खोटी होती. आता ‘नाही’ म्हटलेल्या सुमारे ४० अंगणांत दोनही नाहीत. पट्टी तीच, फक्त तीनदा विचारली.

इंडोनेशियात २००६ पासून गावकऱ्यांच्या सहभागाने जी देखरेख योजना राबवली गेली, तिच्यात याच मार्गाने पट्टी वापरली. नुसती पट्टी लावत हिंडायचे नाही. आधी लोकांकडून अचानक मरतुकीची खबर घ्यायची, लक्षणे जुळतात का ते पाहायचे, आणि मगच पट्टी बाहेर काढायची. म्हणजे पट्टीच्या आधी गावकऱ्यांच्या डोळ्यांची चाळणी.

परंतु वरच्या गुणाकारात एक गृहीत धरलेले आहे, आणि ते न सांगता पुढे जाणे बरोबर होणार नाही. शक्यतांचा गुणाकार करता येतो तो चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. एका कोंबडीच्या घशात विषाणू कमी होता, दुसरीच्या वेळी काडी नीट फिरली नाही, अशा चुका स्वतंत्र आहेत. पण बहुतेक पट्ट्यांच्या डब्यावर २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवण्याची सूचना असते, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो हे मी तुम्हाला सांगायला नको. डबा उन्हाळाभर मोटारसायकलच्या डिकीत राहिला आणि प्रतिपिंडे दुबळी झाली, तर तिन्ही पट्ट्या एकाच वेळी खोटे बोलतील. तेथे ०.०२७ हा आकडा केवळ कागदावर राहतो. आमच्या प्रयोगशाळेत यालाच पद्धतशीर चूक म्हणतात. वजनकाट्याचा शून्यच सरकलेला असेल तर दहा वाचनांची सरासरी काढून काही साधत नाही. दहाही वाचने एकाच बाजूला चुकतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक डब्यातली एक पट्टी, विषाणूचे निर्जीव केलेले प्रथिन माहीत असलेल्या प्रमाणात घेऊन, आधी तपासून पाहणे. नियंत्रणाची रेघ हे काम करीत नाही, हे मघाशी आपण पाहिलेच.

आजींच्या अंगणात डॉक्टरांनी आणखी दोन कोंबड्यांचे नमुने घेतले असे समजू. दुसऱ्या पट्टीवर काही नाही. तिसऱ्या पट्टीवर, उजेडाकडे धरल्यावर, फिकट गुलाबी रेघ. “बर्ड फ्लू आहे,” असे डॉक्टर अजूनही म्हणत नाहीत. रेघ एच९एन२ची असू शकते. पण मरतुक, जांभळे तुरे आणि ही रेघ मिळून संशय इतका बळावला आहे की वाट पाहण्यात धोका आहे. नमुने बर्फाच्या पेटीत बंद होऊन प्रयोगशाळेकडे रवाना होतात. आजींना सांगितले जाते की उरलेल्या आठही खुराड्यातच ठेवा, विकू नका, कापू नका, मेलेल्यांना हात लावू नका. गावातून एकही कोंबडी बाजारात किंवा कोंबडबाजाराच्या झुंजीला जाणार नाही असे पाहिले जाते. अहवाल येईपर्यंत एकही कोंबडी मारली जात नाही. (तुम्हीही असे मेलेले पक्षी दिसले तर कुतूहलाने उचलू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.)

आता एक गणित तुमच्यासाठी. बाजारात दुसऱ्या एका कंपनीची पट्टी आली आहे. तिची संवेदनक्षमता ९० टक्के आहे, पण विशिष्टता ९५ टक्केच. वरच्या १०० अंगणांसाठी, प्रत्येकी तीन मेलेल्या कोंबड्या तपासून, आणि १०,००० कोंबड्यांच्या त्या आठवडी बाजारासाठी, खोटे ‘होय’ व खोटे ‘नाही’ किती येतील ते काढा. गणिताच्या शिक्षकांची मदत घ्यायला हरकत नाही. मग ठरवा, आजींच्या अंगणात डॉक्टरांनी कोणती पट्टी न्यावी आणि बाजाराच्या फाटकावर कोणती. की फाटकावर कोणतीच नको?